रेकी बौद्ध आहे का?

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येते: "रेकी तर आपलीच, बौद्ध उपचारपद्धती आहे." अंगारे-धुपारे झिडकारणारी शिकलेली मुलेही यावर पटकन विश्वास ठेवतात. इथे लिंबू-मिरची नाही, अंगात येणे नाही. उलट जपानचे नाव आहे, प्रमाणपत्र आहे आणि भिंतीवर ध्यानस्थ बुद्धाचे चित्र आहे.

रेकीचे जनक मिकाओ उसुई (१८६५-१९२६) हे जपानी गृहस्थ. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपवास व साधना केल्यावर त्यांना ही शक्ती लाभली, असे त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या स्मृतिशिलेवर कोरले आहे. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत संस्था काढली. त्यांची समाधी तिथल्या एका बौद्ध विहाराच्या आवारात आहे, हेही खरे. पण म्हणून रेकी धम्माचा भाग होत नाही. 'की' म्हणजे जीवनऊर्जा ही कल्पना चिनी परंपरेतून जपानमध्ये आली, आणि त्या काळी तिथे हात ठेवून बरे करण्याच्या अशा कितीतरी पद्धती चालू होत्या. त्रिपिटकात रेकी नाही.

अमेरिकेत ती नेली हवाईच्या हवायो ताकाता यांनी. 'मास्टर' होण्यासाठी त्या १०,००० डॉलर घेत. तिथल्या लोकांना त्या सांगत की उसुई हे ख्रिस्ती शिक्षक होते. याला कुठलाच पुरावा सापडलेला नाही. थोडक्यात, गिऱ्हाईक बदलले की संस्थापकाचा धर्मही बदलतो. अमेरिकेत ख्रिस्ती, आपल्या वस्तीत बौद्ध.

आता मुख्य प्रश्न, ही ऊर्जा जाणवते का? रेकीची सख्खी बहीण शोभेल अशी 'थेराप्युटिक टच' ही पद्धत अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये पसरली होती. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी तिची परीक्षा घेतली. पुठ्ठ्याच्या पडद्याआडून उपचारकाने दोन्ही हात पुढे करायचे, एमिली त्यातल्या एका हातावर आपला हात अधांतरी धरणार, आणि तो कोणत्या हातावर आहे हे उपचारकाने 'ऊर्जा' ओळखून सांगायचे. २१ उपचारक, २८० प्रयत्न, बरोबर उत्तरे १२३; म्हणजे ४४ टक्के. नाणे उडवले असते तरी याहून बरे जमले असते! १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. नैराश्य आणि चिंतेवर रेकी चालते का, याचा २०१५ मध्ये कोक्रेन संस्थेने आढावा घेतला; चालते असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

तासभर शांत पडून राहिले, कुणीतरी आपुलकीने विचारपूस केली की बरे वाटतेच. ते नाकारायचे कारण नाही. त्याला वैश्विक ऊर्जेचे नाव देऊन पायरीपायरीने पैसे उकळणे, हा मात्र धंदा आहे.

बुद्धांनी आजाऱ्याकडे कसे पाहिले, हे विनयपिटकात स्वच्छ लिहिले आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला बुद्ध आणि आनंद यांनी पाण्याने धुतले, उचलून खाटेवर ठेवले. संघासाठी तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही औषधे सांगितली आहेत, आणि उपचाराला जीवकासारखा वैद्य होता. चमत्कार दाखवून लोकांना ओढण्याचा बुद्धांनी केवट्ट सुत्तात स्पष्ट निषेध केला आहे.

कायद्याची मदत मर्यादित आहे. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा ठरावीक अघोरी कृत्यांपुरताच आहे. एसी खोलीत मंद संगीत लावून चाललेली रेकी त्यात सहसा बसत नाही.

खरा धोका गोळ्या बंद होण्याचा. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि त्याचे श्रेय रेकीला जाते. कोर्स अर्धवट सुटला की आजार औषधांना दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. वस्तीत कुणी असे औषध थांबवल्याचे कळले, तर आधी आशाताईंना गाठा. रेकीवरचा वाद नंतर घालता येईल.