सय्यद नईमुद्दीन : बँकॉकचं कांस्य आणि सहा गोल

हैदराबादच्या फुटबॉलचा विषय निघाला की सय्यद अब्दुल रहीम आठवतात. ‘मैदान’ चित्रपटामुळे ते नव्या पिढीलाही माहीत झाले. पण त्याच शहरातून आलेल्या सय्यद नईमुद्दीन यांच्याविषयी मराठीत मला फारसं वाचायला मिळालेलं नाही. खरं तर या शहराच्या फुटबॉलचं मुंबईशी जुनं नातं आहे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला होता.

नईमुद्दीन बचावफळीतले, स्टॉपर. म्हणजे गोल अडवायचे, आणि एखादा झालाच तर बोलणी खायची. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये ते भारताचे कर्णधार होते. कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने जपानला १-० ने हरवलं. हा जपान दुबळा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर एशियाडच्या फुटबॉलमध्ये भारताला एकही पदक मिळालेलं नाही. १९७० चा अर्जुन पुरस्कार नईमुद्दीन यांना मिळाला.

प्रशिक्षक म्हणून त्यांचं मोठं वर्ष १९९०. ईस्ट बंगालने त्या एका हंगामात आयएफए शील्ड, ड्युरंड आणि रोव्हर्स अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. त्याच वर्षीचा द्रोणाचार्य पुरस्कारही त्यांचा. पुढे राष्ट्रीय संघाने त्यांच्या हाताखाली दोनदा सॅफ स्पर्धा जिंकली, १९९७ ला काठमांडूत आणि २००५ ला कराचीत. भारतीय संघ कराचीत जाऊन चषक घेऊन येतो, आणि आपल्याकडे ते कुणाच्या लक्षातही राहत नाही! क्रिकेट असतं तर?

लक्षात राहिला तो फेब्रुवारी २००६. आशिया चषकाच्या पात्रता सामन्यात जपानने भारताला ६-० ने धुतलं. आठवडाभरात येमेननेही ३-० ने हरवलं. लवकरच नईमुद्दीन यांच्या जागी इंग्लंडचे बॉब हॉटन आले.

त्यांची शिस्त कडक, जुन्या वळणाची होती, हे मान्य. पण मधल्या ३६ वर्षांत काय झालं? जपानने १९९३ ला व्यावसायिक लीग सुरू केली आणि १९९८ ला विश्वचषक गाठला. आपली राष्ट्रीय लीग सुरू व्हायलाच १९९६ उजाडलं, तीही धड व्यावसायिक नव्हती. त्या सहा गोलांचा हिशेब फुटबॉल महासंघाकडे मागायला हवा होता. तो मागितला गेला बँकॉकच्या कर्णधाराकडे.

नईमुद्दीन यांनी शिकवणं मात्र सोडलं नाही. पुढे ढाक्याच्या ब्रदर्स युनियनचे प्रशिक्षक म्हणून ते पुन्हा मैदानात दिसले.