गाय पान्हा का चोरते?

धारेला अनोळखी माणूस बसला, गोठ्यात कुत्रे शिरले किंवा जवळच फटाका वाजला, की एरवी निमूटपणे दूध देणारी गाय एकाएकी दूध आखडते. धार काढणारा मग ‘गाय पान्हा चोरते’ असे म्हणतो. या शब्दप्रयोगात गाईवर लबाडीचा आरोप आहे आणि तो अन्यायाचा आहे. पान्हा सोडणे वा रोखणे गाईच्या इच्छेवर नसतेच.

कासेतील दुधापैकी साधारण पाचवा हिस्सा सडांच्या वरील पोकळीत असतो. तो नुसता सड पिळूनही मिळतो. बाकीचे दूध सूक्ष्म दुग्धकोषांत अडकलेले असते. वासराने ढुसण्या दिल्या किंवा कास धुऊन सड चोळले, की ती संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि दुग्धकोषांभोवतीच्या पेशी आकुंचन पावून दूध खाली लोटतात. याला एक ते दोन मिनिटे लागतात. प्रभाव मात्र काही मिनिटांतच ओसरतो. म्हणूनच धार मध्येच सोडून उठू नये, पाच-सात मिनिटांत ती पुरी करावी. म्हशीच्या कासेतील पोकळीत तर दूध फारच थोडे असते. पान्ह्यावाचून भांडे जवळजवळ रिकामेच राहते.

१९४१ मध्ये ईली व पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी याचा छडा लावला. कासेच्या अर्ध्या भागाचे मज्जातंतू कापल्यावरही दोन्ही भागांतून सारखेच दूध आले. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. मग त्यांनी गाईला घाबरवून पाहिले. तिच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. (पुढे मांजराची गरज नाही असे आढळले, पिशव्याच पुरेशा होत्या.) पान्हा अडला. भीतीने स्रवणारे अ‍ॅड्रिनलिन ऑक्सिटोसिनचे काम हाणून पाडते, हे त्यातून दिसले. गाय माणसेही ओळखते. रशेन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी मारहाण करणारा माणूस केवळ समोर उभा राहिल्याने कासेत मागे उरणारे दूध सुमारे ७० टक्क्यांनी वाढले. असे दूध वारंवार मागे राहिले तर पुढे उत्पादनच घटते आणि गाय लवकर आटते.

नुकसान टाळण्यासाठी माणसाने आडवाटाही शोधल्या. गाईच्या योनिमार्गात हवा फुंकण्याची ‘फुका’ ही क्रूर रीत ऐकूनच गांधीजींना दुधाचा तिटकारा आला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार ती दंडनीय आहे. तिची जागा ऑक्सिटोसिनच्या सुईने घेतली. या औषधाच्या खासगी उत्पादनावर केंद्राने २०१८ मध्ये घातलेली बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केली, कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यास हेच औषध लागते. गोठ्यातला गैरवापर हा वेगळा प्रश्न राहिला.

वास्तविक सुईची गरज क्वचितच असते. धारेची वेळ, जागा आणि शक्यतो माणूसही ठरलेला असावा. चरून आलेल्या गाईला पळवत आणून लगेच धारेला बसू नये. गाईला अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून बाजूने, हळू आवाजात बोलत जवळ जावे आणि आधी पाठीवर हात ठेवावा. कोमट पाण्याने कास धुऊन कोरडी करावी, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढाव्यात. अंगठा मुडपून धार काढण्याची सवय सडांना इजा करते, पूर्ण मुठीने काढणे बरे. समोर आंबोण असले की गाय रमते; कित्येक गाईंना तर बादलीचा परिचित आवाजही पुरतो. आपल्या देशी गाई बहुधा वासराला लुचू दिल्याखेरीज पान्हवत नाहीत, हे धरूनच चालावे. औषधाची सुई टोचणे, खूर कापणे ही कामे धारेच्या जागी करू नयेत. ती जागा गाय लक्षात ठेवते. पहिलारू कालवडीला तर विण्याच्या काही आठवडे आधीपासूनच रोज कासेवर हात फिरवून माणसाच्या स्पर्शाची सवय लावावी लागते.