कॅव्हापू : टेडी बेअरसारखा दिसणारा हा कुत्रा नेमका आहे तरी कोण?

इन्स्टाग्रामवर कुत्र्यांचे रील पाहणाऱ्यांना हा चेहरा नवा नाही. तांबूस किंवा जर्दाळूच्या रंगाचे कुरळे केस, बटणासारखे गोल डोळे, लोंबते कान आणि वय कितीही झाले तरी पिल्लासारखा भाव. लोक त्याला 'जिवंत टेडी बेअर' म्हणतात. त्याचे नाव कॅव्हापू. ऑस्ट्रेलियात त्यालाच कॅव्हूडल म्हणतात.

खरे तर कॅव्हापू ही कुत्र्याची जात नाही. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल आणि पूडल या दोन जातींच्या कुत्र्यांचे मीलन घडवून जी पिल्ले जन्मतात, त्यांना हे जोडनाव मिळाले आहे. ब्रिटनचा केनेल क्लब, अमेरिकन केनेल क्लब किंवा आपला केनेल क्लब ऑफ इंडिया यांपैकी कोणीही त्याला स्वतंत्र जात मानत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत तो पोहोचला. त्याच्या विक्रीबरोबर तीन दावे नेहमी केले जातात : याचे केस गळत नाहीत, याच्यामुळे अ‍ॅलर्जी होत नाही आणि संकर असल्यामुळे हा आजारी पडत नाही. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे, पण विकणारा सांगतो तेवढे नाही.

आई-बाप कोण?

कॅव्हेलिअरच्या नावातला 'किंग चार्ल्स' म्हणजे सतराव्या शतकातला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. छोटे स्पॅनिअल कुत्रे त्याच्या दरबारात मोकाट फिरत. पुढे चपट्या नाकाच्या कुत्र्यांची फॅशन आली आणि जुन्या चित्रांत दिसणारा लांब नाकाचा स्पॅनिअल जवळपास नाहीसा झाला. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनच्या क्रफ्ट्स या श्वान प्रदर्शनात 'जुन्या वळणाच्या' स्पॅनिअलसाठी २५ पौंडांचे बक्षीस लावले. त्यातून पुन्हा लांब नाकाचे कुत्रे निपजवण्याचा उद्योग सुरू झाला आणि १९४५ मध्ये कॅव्हेलिअरला ब्रिटनमध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ही सगळी वंशावळ अगदी मोजक्या कुत्र्यांपासून वाढली. पुढे हृदयाच्या आजाराचा विषय येईल तेव्हा हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

पूडलला लोक फ्रेंच समजतात, पण त्याचे मूळ बहुधा जर्मनीतले आहे. पाण्यात उतरून शिकाऱ्याने मारलेले पक्षी आणणे हे त्याचे काम होते. अंगावर जागोजागी गोंडे सोडून कापलेले त्याचे केस आज नखरा वाटतात, पण ती पद्धतही पोहण्याच्या सोयीतून आली असे मानले जाते. कॅव्हापूसाठी स्टँडर्ड पूडल घेत नाहीत, टॉय किंवा मिनिएचर घेतात. त्यामुळे कॅव्हापूचे वजन साधारण ५ ते १० किलोंच्या दरम्यान भरते. टॉय पूडलपासून झालेला त्याहून लहानही राहू शकतो.

नावातच सगळी जादू

दोन जातींचे कुत्रे एकत्र येणे ही काही आधुनिक गोष्ट नाही. त्याला आकर्षक नाव देऊन जास्त किमतीला विकणे मात्र बऱ्यापैकी नवे आहे. या लाटेची सुरुवात शोधायची तर १९८० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात जावे लागते. तिथल्या अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन काम करत होते. हवाई बेटांवरच्या एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासायला हवाईला पाठवले, तेव्हा तीनपैकी एकाच पिल्लाचा त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. त्याचे नाव सुलतान.

उरलेल्या दोघांना सांभाळायला कोणी तयार होईना. तेव्हा कॉनरन यांनी त्यांना 'लॅब्राडूडल' असे नाव दिले आणि मागणीच मागणी आली. कुत्रा तोच होता, बदलले होते फक्त नाव. पुढे आपण हे सुरू केल्याचा पश्चात्ताप होतो, असे कॉनरन यांनी जाहीरपणे सांगितले. पण तोवर पूडलबरोबर काय काय जोडता येईल याची स्पर्धा लागली होती. कॅव्हापू हा त्याच कुळातला.

केस : एकाच वेतात तीन प्रकार

कॅव्हापूचे केस कसे असतील हे आधी सांगता येत नाही. काही पिल्ले लोकरीसारखी कुरळी, बरीचशी लाटदार, तर एखादे जवळपास सरळ केसांचे निघते. याचे कारण शास्त्रज्ञांना बऱ्यापैकी ठाऊक आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की कुत्र्यांच्या केसांतला बहुतेक फरक फक्त तीन जनुकांमुळे पडतो. एक जनुक केसांची लांबी ठरवते, दुसरे कुरळेपणा आणि तिसरे मिशा-दाढी-भुवयांचा झुपका. झुपका देणाऱ्या या तिसऱ्या जनुकाचा केस कमी गळण्याशीही संबंध आहे.

पूडलकडे हे झुपक्याचे जनुक दुहेरी असते, कॅव्हेलिअरकडे नसते. त्यामुळे थेट कॅव्हेलिअर आणि पूडल यांच्यापासून झालेल्या पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला त्याची एक प्रत मिळते आणि टेडीसारखा चेहरा दिसतो. ब्रीडर या पिढीला एफ-वन म्हणतात. पण दोन एफ-वन कॅव्हापू एकत्र आले की गणित फिरते. चारांपैकी साधारण एका पिल्लाला ते जनुक मिळतच नाही. त्याचा चेहरा कॅव्हेलिअरसारखा गुळगुळीत होतो आणि केस भरपूर गळतात. म्हणून अनेक ब्रीडर एफ-वनचा संकर पुन्हा पूडलशीच करतात. त्याला एफ-वन-बी म्हणतात आणि त्यात तीन हिस्से पूडल, एक हिस्सा कॅव्हेलिअर असतो. जाहिरातीतल्या या अक्षरांचा अर्थ एवढाच. तो दर्जाचा शिक्का नव्हे.

केस कमी गळतात याची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. सुटलेला केस जमिनीवर पडत नाही, तो अंगावरच्या केसांत अडकतो आणि जटा होतात. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान फुललेला दिसतो, पण कातडीजवळ गुंता तसाच राहतो, कातडी ओढली जाते आणि दुखते. कंगवा रोज किंवा दिवसाआड मुळापर्यंत जायला हवा आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी केस कापायला हवेत. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येतात त्या काळात, म्हणजे साधारण वर्षाच्या आत-बाहेर, गुंता सर्वात जास्त होतो. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात तर असा कुत्रा ओला राहणे म्हणजे कातडीच्या आणि कानाच्या संसर्गाला आमंत्रण. दाट केसांत गोचीड लपते ते वेगळेच.

अ‍ॅलर्जीचे काय?

अ‍ॅलर्जी केसांमुळे होत नाही. ती कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात असणाऱ्या प्रथिनांमुळे होते. ही प्रथिने प्रत्येक कुत्र्यात असतात. अमेरिकेत २०११ मध्ये झालेल्या एका अभ्यासात 'अ‍ॅलर्जी न करणारे' म्हणवले जाणारे कुत्रे असलेल्या आणि इतर कुत्रे असलेल्या घरांतली धूळ तपासली. अ‍ॅलर्जी करणाऱ्या प्रथिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या अभ्यासात तर पूडल आणि लॅब्राडूडल यांच्या केसांवर हे प्रथिन इतर काही जातींपेक्षा कमी नव्हे, जास्त मिळाले. एखाद्या माणसाला एखाद्या विशिष्ट कुत्र्याचा त्रास होत नाही, हे मात्र घडते. सुलतानच्या गोष्टीत तेच घडले होते, आणि तेही तीनांत एकदाच. घरात कोणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर कुत्रा आणण्याआधी त्याच कुत्र्याबरोबर दोन-तीनदा काही तास घालवून पाहणे हाच खरा उपाय.

संकर म्हणजे तब्येत ठणठणीत?

हा दावा सर्वात पटण्यासारखा आहे, कारण त्यामागचे तत्त्व खरे आहे. काही आजार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तरच होतात. कॅव्हेलिअरमध्ये अशा प्रकारचा एक स्नायूंचा आजार आढळतो, ज्यात धावता-धावता कुत्र्याचे अंग ताठ होऊन तो कोसळतो. पूडलमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा असाच आजार असतो. दोष एकाच बाजूचा असेल तर पहिल्या पिढीतले पिल्लू वाचते. पुढच्या पिढीत मात्र ही ढाल राहत नाही.

अडचण आहे ती इतर आजारांची. कॅव्हेलिअरचे सगळ्यात मोठे दुखणे म्हणजे हृदयाच्या मिट्रल झडपेची झीज. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरते आणि स्टेथोस्कोपला 'मर्मर' ऐकू येतो. पाच वर्षांपर्यंत सुमारे निम्म्या कॅव्हेलिअरमध्ये आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्यांत तो आढळतो. यात अनेक जनुकांचा हात असल्यामुळे संकराने तो सरळ पुसला जात नाही. शिवाय छोट्या पूडलनाही झडपेचा हाच आजार होतो. गुडघ्याची वाटी सरकण्याचेही तसेच : दोन्ही बाजूंना तो धोका आहे. कॅव्हेलिअरचा आणखी एक त्रास मेंदूला कवटीत पुरेशी जागा नसल्यामुळे होतो. मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात आणि कुत्रा मानेजवळ हवेतच खाजवत राहतो. पाहणाऱ्याला ते गमतीदार वाटते आणि त्याचे व्हिडिओही निघतात. प्रत्यक्षात ते वेदनेचे लक्षण असू शकते.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तिघांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांबाबत तुलना केली. एकूण ९,४०२ कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. ८६.६ टक्के तुलनांमध्ये संकरित आणि शुद्ध जातींत फरकच दिसला नाही. ७ टक्क्यांत संकरितांना धोका जास्त होता, ६.४ टक्क्यांत कमी. म्हणजे संकर वाईट नाही, पण 'संकर म्हणून निरोगी' या वाक्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

याच विषयाने नॉर्वेत न्यायालय गाठले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले की कॅव्हेलिअरची शुद्ध पैदास सुरू ठेवणे हे प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध आहे. खटला लढवणाऱ्या प्राणीप्रेमी संस्थेचे म्हणणे असे की या जातीला वाचवायचे तर बाहेरचे रक्त आणावेच लागेल, पण तपासून आणि योजनेनुसार. रीलवरच्या कॅव्हापूमागे अशी योजना क्वचितच असते.

स्वभाव आणि रोजचे दिवस

स्वभावाच्या बाबतीत मात्र कौतुक बरेचसे खरे आहे. कॅव्हेलिअरचा लडिवाळपणा आणि पूडलची हुशारी बहुतेक कॅव्हापूंत उतरते. ते लवकर शिकतात, मुलांत रमतात, फ्लॅटमध्ये राहू शकतात. दिवसभरात तासाभराची चालफेर आणि खेळ त्यांना पुरतो. राखणीसाठी ते निरुपयोगी. चोर आला तर शेपूट हलवतील. त्यांची खरी अडचण एकटेपणाची आहे. माणसाला चिकटून राहण्यासाठीच ही दोन्ही घराणी वाढवली गेली, त्यामुळे नवरा-बायको दोघेही दहा तास बाहेर असलेल्या घरात हा कुत्रा भुंकतो, रडतो, वस्तू कुरतडतो. पिल्लू असल्यापासून थोडा थोडा वेळ एकटे राहायची सवय लावावी लागते.

खाण्यात कांदा, चॉकलेट, द्राक्षे आणि मनुका अजिबात नको. प्रसादाच्या शिऱ्यातला मनुकाही नको, इतक्या लहान अंगाला थोडेही जास्त होते.

लूसीची गोष्ट

२०१३ मध्ये वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून लूसी नावाच्या कॅव्हेलिअर मादीची सुटका झाली. वर्षानुवर्षे छोट्या पिंजऱ्यात ठेवून तिच्याकडून एकामागून एक वेत काढले गेले होते. तिचा कणा वाकला होता, खुब्याचे सांधे आखडले होते. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावाने चाललेल्या मोहिमेतून एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये 'लूसीज लॉ' लागू झाला. सहा महिन्यांखालची पिल्ले दुकानदार किंवा दलालामार्फत विकायला त्याने बंदी घातली. पिल्लू जिथे जन्मले तिथेच, आईसोबत दाखवून विकले पाहिजे.

भारतात २०१७ पासून कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आहेत. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. कोणी कॅव्हापूबरोबर 'केसीआय पेपर'ही देऊ करत असेल तर तिथेच थांबावे, कारण केनेल क्लब ऑफ इंडिया या संकराला जात म्हणून नोंदवतच नाही. मागायचेच तर आई-बापांचे कागद मागावेत : कॅव्हेलिअरची अडीच वर्षांनंतर झालेली हृदयतपासणी, पूडलची डोळ्यांची आणि गुडघ्यांची तपासणी. मागितल्यावर विक्रेता अहवाल पुढे करतो की नुसतेच पिल्लाचे आणखी फोटो पाठवतो, त्यावरून बरेच कळते.