फियाट, घाट आणि परवाना : चालकाच्या आसनावरून दिसलेला इतिहास

१/ जुन्नरचा इतिहास म्हटला की शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट ही नावे ओठांवर येतात. आज जरा वेगळे साधन हाती घेऊ : चार दरवाजांची, मध्यम आकाराची कौटुंबिक मोटार, जिला महाराष्ट्राने ‘फियाट’ म्हटले. ती चालवणाऱ्याच्या अनुभवातून एका काळाचे अर्थकारण कसे उलगडते, ते या धाग्यात पाहू.

२/ आरंभ वाटेपासून करू. सातवाहन काळी कल्याण आणि सोपारा बंदरांचा माल नाणेघाटाने जुन्नरला व पुढे पैठणला जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. जवळच जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. ही वाट पायऱ्यांची. येथे जनावराची पाठ उपयोगी पडे, गाडीचे चाक नव्हे.

३/ मोटार आली ती परक्या देशातून, सुट्या भागांच्या पेट्यांतून. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. भाग बाहेरून यायचे, येथे फक्त जोडले जायचे. मोटार ‘येथे बनणे’ ही गोष्ट अजून दूर होती.

४/ ते स्वप्न पाहिले सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकी गाड्या जोडल्या गेल्या, पुढे इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. १९५३ मध्ये शासनाने धोरण ठरवले : देशातच उत्पादन वाढवणाऱ्यांनाच येथे स्थान. केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी लवकरच काढता पाय घेतला.

५/ १९६४ मध्ये आली फियाट ११०० ‘डिलाइट’. हीच पुढे १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, मागच्या चाकांना गती. लांबी चार मीटरहून किंचित कमी. आजच्या करनियमांत ती ‘छोटी गाडी’ ठरली असती. तेव्हा मात्र ती अख्ख्या कुटुंबाची गाडी होती.

६/ अख्खे कुटुंब मावत असे कसे? उत्तर गिअरच्या दांडीत आहे. ती जमिनीवर नसून स्टिअरिंगच्या दांड्याला, चालकाच्या डाव्या हाताशी होती. त्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे ठेवता आले. पुढे तिघे, मागे तिघे आणि मांडीवर मुले. यंत्राची रचना अशी घराच्या रचनेशी जुळत गेली.

७/ आता पुण्याहून नाशिकच्या वाटेला लागू. राजगुरुनगर सोडले की खेडचा घाट, मग मंचर, नारायणगाव, आळेफाटा. सपाटीवर ही गाडी हलकी आणि सुबक वाटे. चढावर मात्र भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की वेग मंदावे, रेडिएटरला वारा मिळेना, पाणी उकळू लागे. मग बॉनेट उघडून सावलीला थांबणे आणि पाण्याचा डबा सोबत ठेवणे हा प्रवासाचाच भाग होता.

८/ उतार ही त्याहून मोठी परीक्षा. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबले की तापत आणि पकड सैल होई. म्हणून जुन्या चालकांचा नियम : ज्या गिअरवर घाट चढलात, त्याच गिअरवर उतरा. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे माळशेजच्या वळणांवर दंडांची कसोटी लागे. येथे कौशल्य ही हौस नव्हती, घरच्यांच्या जिवाची हमी होती.

९/ पण खरी कसोटी गाडी मिळण्याची होती. परवान्यांमुळे उत्पादन मर्यादित, मागणी अधिक. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे थांबत. किमतींवरील सरकारी नियंत्रणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीही १९६४ मध्ये फियाट घेतली, ती बँकेकडून पाच हजार रुपयांचे कर्ज काढून. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज ललितादेवींनी फेडले.

१०/ येथे न्यायाने बोलले पाहिजे. संरक्षणामुळे देशात सुटे भाग बनू लागले, कुशल कारागीर घडले; गावोगावच्या मिस्त्रींना ही गाडी पाठ झाली. परंतु स्पर्धाच नसल्याने मूळ रचना तीन दशकांहून अधिक काळ जवळजवळ तशीच राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरील परवाना उठला, आणि शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली.

११/ आंबेगाव तालुक्याकडे पाहा. ज्या गावावरून त्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी, नाव मात्र आंबेगावच. पद्मिनीचेही तसेच. कागदावरून फियाट गेली, लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. इतिहास कागदात जसा असतो, तसा बोलण्यातही असतो.

१२/ म्हणून एक विनंती. नाणेघाटातून माल वाहणाऱ्यांनी आपला अनुभव लिहून ठेवला नाही. राणीचा लेख उरला, तांड्याचा आवाज हरपला. फियाट चालवणारी पिढी अजून आपल्यात आहे. आजोबांना विचारा : गाडी किती वर्षांनी मिळाली, कोणत्या घाटात तापली, पहिल्यांदा कोणाला बसवले? उत्तर तारखेसह लिहून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तेच अस्सल साधन ठरेल.