सिटिझन केन : सारे विकत घेऊ पाहणाऱ्या माणसाची शोकांतिका

‘सिटिझन केन’ हा ऑर्सन वेल्स दिग्दर्शित अमेरिकी कृष्णधवल चित्रपट १ मे १९४१ रोजी न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाला. आरकेओ या चित्रसंस्थेसाठी केलेला हा वेल्स यांचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट. त्या वेळी त्यांचे वय अवघे २५ वर्षे होते. प्रमुख भूमिकाही त्यांनीच साकारली, तर पटकथा हर्मन मँकीविझ यांच्यासमवेत लिहिली.

कथानक : वृत्तपत्रसम्राट चार्ल्स फॉस्टर केन याच्या मृत्यूने चित्रपटाचा प्रारंभ होतो. ‘रोझबड’ या त्याच्या अखेरच्या शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी एक बातमीदार त्याच्या परिचितांना भेटतो. त्यांच्या आठवणींतून केनचे जीवन उलगडते. खाणीमुळे अकस्मात संपत्ती लाभलेली आई त्याला बालपणीच एका बँकमालकाच्या हाती सोपवते. पुढे वृत्तपत्रे, सत्तेची आकांक्षा, प्रेमप्रकरणामुळे गमावलेली गव्हर्नरपदाची निवडणूक आणि दोन मोडलेले विवाह असा त्याचा प्रवास होतो. दुसरी पत्नी सुझन हिच्यासाठी तो ऑपेरागृह उभारतो. तिला गायिका म्हणून मिरवण्याचा त्याचा हट्ट मात्र तिलाच असह्य होतो. बातमीदाराला उत्तर मिळत नाही. प्रेक्षकांना ते शेवटी दिसते : रोझबड हे बालपणी, आईपासून दुरावताना, मागे राहिलेल्या बर्फावरच्या घसरगाडीचे नाव. ती गाडी अडगळ म्हणून भट्टीत टाकली जाते.

तंत्र : छायालेखक ग्रेग टोलंड यांनी जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच चौकटीत सारख्याच सुस्पष्ट टिपल्या. आईवडील करार करीत असताना खिडकीबाहेर बर्फात खेळणारा, आपल्या भवितव्याविषयी अनभिज्ञ असलेला मुलगा त्यामुळे सतत दिसत राहतो. न्याहारीच्या मेजावरील काही मिनिटांच्या दृश्यमालिकेत पहिल्या विवाहाचा अनेक वर्षांचा ऱ्हास सामावला आहे. संगीत बर्नार्ड हरमन यांचे, तर संकलन रॉबर्ट वाइज यांचे आहे.

वाद : केनचे चरित्र आपल्यावर बेतल्याचे मानून वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आपल्या पत्रांतून चित्रपटाच्या जाहिराती रोखल्या. एमजीएमचे प्रमुख लुई मेयर यांच्याकडून तर मूळ प्रत नष्ट करण्याच्या बदल्यात मोठी रक्कम देऊ करण्यात आली. आरकेओने ती नाकारली. केनप्रमाणेच येथेही पैशाची मात्रा चालली नाही. तरी दडपणामुळे अनेक चित्रगृहे मिळाली नाहीत आणि चित्रपट तोट्यात गेला.

गौरव : ९ ऑस्कर नामांकनांपैकी केवळ मूळ पटकथेचा पुरस्कार मिळाला. युद्धोत्तर काळात फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ आदींनी त्याचे महत्त्व अधोरेखित केले. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या समीक्षकांच्या कौलात १९६२ ते २००२ या काळात तो सलग पाच वेळा सर्वश्रेष्ठ ठरला; २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’ने त्याची जागा घेतली. जो चित्रपट पुसून टाकण्याचा प्रयत्न झाला, त्याच्या उल्लेखाविना आज हर्स्ट यांची ओळखही पूर्ण होत नाही.