परकरातले मुलगे

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या वेळी त्यांचे वय अवघे अडीच वर्षांचे होते. खांद्यापर्यंत रुळणारे केस, अंगात मांडीवरून नीट पसरलेला पांढराशुभ्र झगा, पायांत चकचकीत बूट आणि हातात पिसांनी मढविलेली टोपी असा त्या बालकाचा थाट आहे. हे मूल कोण असावे, असे आज कोणालाही विचारले तर 'एखाद्या सुखवस्तू घरची मुलगी' असेच उत्तर मिळेल. मग तो मुलगा आहे असे कळताच विचारणारा हसतो, किंवा त्याच्या मातुःश्रींच्या मनोवृत्तीविषयी तर्क लढवू लागतो. या तर्कांना आधार नाही. कारण रूझवेल्टांच्या आईने जगावेगळे असे काहीही केलेले नव्हते. तिच्या बरोबरीच्या शेकडो घरांतून त्या वर्षी असेच झगे घातलेले मुलगे बागडत होते.

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपात, आणि मागाहून अमेरिकेतही, मुलगा चार ते सात वर्षांचा होईपर्यंत त्याला विजार मिळत नसे. कारणे अगदी घरगुती होती. त्या काळच्या विजारीची बंदे आणि गुंड्या सोडणे लहान मुलाच्या आटोक्यातले नव्हते, आणि मुलाला वेळेवर सांगता येत नाही तोवर झग्यासारखी सोय दुसऱ्या कशातही नव्हती. शिवाय कापड महाग असे. झग्याचा दुमडलेला काठ वर्षाकाठी उसवून खाली सोडला की वाढत्या अंगाला तोच झगा पुरे. आपल्याकडील झबल्याचा विचार केला म्हणजे यात नवल वाटण्याजोगे काही उरत नाही. अंगडे, टोपडे आणि झबले यांत मुलगा कोणता व मुलगी कोणती हे कोण सांगू शकेल? युरोपीय घरांत हे झबले पाच-सहा वर्षे टिकले, इतकेच.

ज्या दिवशी मुलाला पहिली विजार चढविली जाई, तो दिवस घरातल्या एखाद्या मंगलकार्यासारखा साजरा होई. लेडी अ‍ॅन नॉर्थ या इंग्रज आजीबाईंनी १६७९ साली आपल्या मुलाला लिहिलेले एक पत्र या संबंधात फार गोड आहे. मुलगा लंडनला मोठा न्यायाधीश, आणि त्याचा सहा वर्षांचा फ्रँक आजीच्या घरी. त्या बुधवारी शिंपी आला आणि सारे घर फ्रँकभोवती गोळा झाले. कोणी त्याचा पाय धरला, कोणी हात; शिंपी गुंड्या लावीत होता, तर दुसरे कोणी कमरेला तलवार बांधीत होते. नवरीला सजवतानादेखील इतके हात तिच्याभोवती नसतात, असे त्या माउलीने लिहिले आहे. धाकटा भाऊ चार्ल्स भोवती उड्या मारीत होता. नव्या वेषात नातू उंच दिसू लागला म्हणून आजी हरखून गेली, जवळच्या गावी जाऊन तिने दुसऱ्या जोडीचे कापडही आणले, आणि येत्या रविवारपासून जुने झगे कायमचे बंद, असा निर्णय कळविला. सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेला तलवार! परंतु बटूच्या हाती पळसाचा दंड देणाऱ्या आपण त्याला हसू नये.

ही तुलना मी केवळ गमतीखातर करीत नाही. मुंजीच्या दिवशी मातृभोजन होते. मूल आईच्या पानात शेवटचे जेवते आणि त्यानंतर ते पुरुषांच्या, म्हणजे बापाच्या व गुरूच्या, जगात शिरते. फ्रान्सचा तेरावा लुई याचे वैद्य एरोआर यांनी त्याच्या बालपणाची रोजनिशी ठेवली आहे. तीत १६०१ साली जन्मलेल्या या राजपुत्राला १६०८ साली झगा टाकून विजार मिळाल्याची नोंद आहे, आणि पुढल्याच वर्षी तो दायांच्या हातून काढून पुरुष शिक्षकाच्या स्वाधीन करण्यात आला. वय तेच, अर्थही तोच. इतिहासकार फिलिप आरिएस यांनी बालपणाच्या इतिहासावरील आपल्या १९६० सालच्या ग्रंथात या रोजनिशीचा पुष्कळ उपयोग केला आहे आणि जाता जाता एक मार्मिक गोष्ट दाखविली आहे: ही पायरी मुलग्यालाच होती. मुलगी बाळलेणी सुटताच थोरल्या बायकांसारखा पोशाख घाली आणि तशीच वाढे. मुलाच्या अंगावरचा झगा एक दिवस उतरायचा असे, म्हणून तो बालपणाचा वेष ठरला. मुलीचा झगा उतरण्याचा प्रश्नच नव्हता. मुंज जशी तिला नाही, तशी तिथेही तिला काही नाही.

तेव्हा रूझवेल्टांचा झगा हा मुलीचा पोशाख नव्हेच. परंतु काही घरांतून तो खरोखरच मुलीचा पोशाख म्हणून मुलग्याला घातला गेला, आणि त्या गोष्टी वेगळ्या आहेत.

१६४४ साली जन्मलेला आबे द श्वाझी हा फ्रेंच धर्मगुरू आपल्या आठवणींत सांगतो, की त्याची आई त्याला मुलीप्रमाणे नटवी, आणि चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप हा खेळायला आला म्हणजे त्यालाही तसेच नटविले जाई. धाकट्याने मोठेपणी थोरल्याच्या गादीवर डोळा ठेवू नये म्हणून कार्डिनल माझारँ यांनीच ही युक्ती योजिली, असे श्वाझीचे म्हणणे. ते खरे असेल तर राजनीतीत लुगड्याचा असा उपयोग विरळाच! पुढे श्वाझीला या वेषाची आवड जडली ती जडलीच. तथापि तोच श्वाझी १६८५ साली सयामच्या दरबारी फ्रेंच वकिलातीबरोबर गेला, फ्रेंच अकादमीचा सभासद झाला आणि चर्चचा मोठा इतिहास त्याने लिहिला. फिलिपलाही नटण्यामुरडण्याचा शौक जन्मभर राहिला. पण १६७७ साली कासेलच्या रणांगणावर त्याने असा विजय मिळविला, की मत्सराने थोरल्या भावाने त्याला पुन्हा सैन्याचे आधिपत्य दिले नाही, असे म्हणतात.

कवी रिल्के याची गोष्ट अधिक करुण आहे. १८७५ साली प्राग शहरी तो जन्मला, त्याआधी त्याच्या आईची एक मुलगी तान्हेपणीच वारली होती. आईने या मुलाचे नाव रेने ठेवले, जे फ्रेंचमध्ये मुलगा व मुलगी दोघांनाही उच्चारात सारखेच. शाळेत जाईपर्यंत ती त्याला लांब झगे घालून, बाहुलीसारखा नटवून त्याच्याशी खेळत राहिली. मग दहा वर्षे पुरी झाल्यावर, १८८६ साली, बापाच्या इच्छेप्रमाणे त्याची रवानगी लष्करी शाळेत झाली. फ्रँकच्या घरी तलवार आणि आजी एकाच खोलीत होती. इथे त्या दोहोंच्या मध्ये एक भयंकर दरी होती, आणि त्या शाळेच्या आठवणीने रिल्के जन्मभर व्याकुळ होई. १९१० सालच्या 'माल्टे' या त्याच्या कादंबरीतील लहान मुलगा आईच्या दाराशी येऊन 'सोफी' नावाची मुलगी असल्याचे सोंग घेतो. सोफी हे रिल्केच्या स्वतःच्या आईचे नाव.

अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे हा १८९९ साली जन्मला. त्याच्याहून दीड वर्षाने मोठी बहीण मार्सेलीन हिचा तो जुळा भाऊ असावा अशी त्यांच्या आईची हौस होती. म्हणून दोघांना एकसारखे झगे, एकसारखे केस. त्याच्या पुढच्या साऱ्या शिकारी, युद्धे आणि मर्दानी बढाई या झग्यांतून उपजली असे सांगणारे चरित्रकार थोडे नाहीत. मात्र मार्सेलीनची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. जुळेपणाचे नाटक शाळेतही चालावे म्हणून तिला मागे ठेवून भावाच्या वर्गात बसविण्यात आले होते. भावाचे झगे दोन-चार वर्षांत सुटले. तिचे मागे राहिलेले वर्ष मात्र तिला परत मिळाले नाही. १९६२ साली तिने त्या घराविषयी स्वतः पुस्तक लिहिले, तेही लोकांनी वाचले ते तिच्या भावासाठीच.

या सगळ्या आयांत एक गोष्ट समान आहे: त्यांना कोणाला फसवायचे नव्हते. आता ज्या आयांकडे वळावयाचे त्यांना फसवायचेच होते, आणि तेही प्रत्यक्ष मृत्यूला.

ही कल्पना फार जुनी आहे. ट्रॉयच्या युद्धात आपला पुत्र मरणार असे भविष्य ऐकून थेटिसने अकिलीजला मुलीचा वेष दिला आणि स्कायरॉस बेटाच्या राजकन्यांमध्ये लपविले. यथाकाल ओडिसियसने अलंकारांत शस्त्रे मिसळून पुढे मांडली, आणि ज्या हाताने शस्त्र उचलले तो हात ओळखू आला. आपला बृहन्नडा प्रौढ होता व त्याचा अज्ञातवास शत्रूपासून होता; अकिलीजचा वेष आईने दिलेला आणि नियतीपासून लपविणारा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॉनेमारा आणि अ‍ॅरन बेटांत, विसाव्या शतकाच्या आरंभीची छायाचित्रे पाहावीत: दहा-बारा वर्षांचे दणकट मुलगे लोकरी घागऱ्यांत उभे आहेत. परीलोकातील मंडळी मुलगे पळवितात, मुली नेत नाहीत, अशी तेथील समजूत लोककथासंग्राहकांनी नोंदली आहे.

हिंदुस्थानातील ही चाल विल्यम क्रुक यांनी उत्तरेकडील लोकधर्मावरील आपल्या १८९६ च्या ग्रंथात टिपली आहे. महाराष्ट्रात तर ती घरोघरीच्या बोलण्यातली होती. ज्या बाईची मुले जगत नसत, ती पुढच्या मुलग्याचे नाक टोची, त्यात नथ घाली, केस राखी, परकर-पोलके नेसवी आणि त्याला नथू म्हणे. हे ज्यांना जमत नसे ते नावावर भागवीत: दगडू, धोंडू, केरू, भिकू. ज्याची दगडाएवढीच किंमत, त्याला कोण कशाला नेईल? नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून अशी माहिती गोळा करविली होती. १९०९ साली त्यांचा खून झाल्यावर एन्थोवेन यांनी ती छापली, आणि कोकणच्या १९१५ सालच्या खंडात अशी नावे आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या हजार बालकांपैकी दोनशेच्या आसपास वर्ष पुरे होण्याआधीच मरत, हे ध्यानात घेतले म्हणजे या आयांना अडाणी म्हणण्यास जीभ रेटत नाही. वैद्याजवळ औषध नव्हते, सटवाई प्रसन्न होत नव्हती. हाताशी होती ती एक नथ.

येथे एका नावाचा उल्लेख टाळता येत नाही. १९१० साली बारामतीस जन्मलेल्या रामचंद्र गोडसे या मुलाच्या आधीचे तीन मुलगे दगावले होते व मुलगी जगली होती. म्हणून आईबापांनी त्याचे नाक टोचून नथ घातली, काही काळ मुलीसारखे वाढविले, आणि रामचंद्राचा नथुराम झाला. १९४८ साली त्याने गांधीजींचा खून केला. त्या कृत्याचे मूळ या नथीत शोधणारे लेखक झाले आहेत. मला हा शोध सर्वथा अग्राह्य वाटतो. महाराष्ट्रात ज्यांचे नाक टोचले गेले अशा नथूंची गणती नाही. त्यांतले बहुतेक शेती करून, कारकुनी करून, नातवंडे खेळवून गेले. त्या खुनामागे विशिष्ट राजकीय विचार होता, आणि त्याचे उत्तरदायित्व बापड्या आईच्या नवसावर ढकलणे म्हणजे त्या विचारास मोकळे सोडणे होय.

नथीविषयी विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे आणि तो कोणी विचारीत नाही. मृत्यू फसेल, असे त्या आईला का वाटले? मुलगी दिसली की तो रिकाम्या हाती परत फिरेल, हे तिने गृहीतच धरले होते. यमालाही जिची आस नाही अशी वस्तू कोणती, याचे उत्तर तिच्याजवळ तयार होते, आणि ते तिला स्वतःच्या जन्मापासून पाठ होते. वास्तविक मुलीही मरतच होत्या. पण त्यांचे मरण टळावे म्हणून मुलाचा वेष देऊन लपविलेली मुलगी मला कोठल्याही नोंदीत आढळलेली नाही. स्वतः नथ घातलेली बाई आपल्या मुलाच्या नाकात नथ घालते, आणि म्हणते, 'याला नेऊ नकोस, ही मुलगीच आहे.'

नथू या नावाशेजारी आपल्याच मुलखातले दुसरे नाव ठेवून पाहावे. एकामागून एक मुली झाल्या म्हणजे शेवटचीचे नाव नकुशी ठेवीत. यापुढे मुलगी नको, हे देवाला कळावे म्हणून. दोन्ही नावे नवसाचीच. एकात मुलग्याला मुलगी करून ठेवून घ्यावयाचे, दुसऱ्यात मुलीला तिच्या तोंडावर नको म्हणावयाचे. नथूचा परकर पाचसहा वर्षांत सुटे, नथ निघे, भोक बुजे. शाळेच्या दाखल्यावर बहुधा दुसरेच नाव लागे. नकुशी मात्र शाळेत हजेरीला, लग्नाच्या पत्रिकेत आणि रेशनच्या कार्डावर नकुशीच राही. ही गोष्ट फार जुन्या काळची नव्हे. २०११ सालच्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेऊन एक समारंभ केला. दोनशेहून अधिक नकुशींना त्या दिवशी नवी नावे मिळाली, आणि कित्येकींनी ती स्वतःच निवडली होती.