सिंहगड : दंतकथा आणि स्थलनाम

घटना आधी घडते व नाव मागाहून पडते, असे स्थलनामांविषयी सामान्यतः गृहीत धरले जाते. वीरपुरुषांशी निगडित नावांच्या बाबतीत हा समज विशेष दृढ असतो. पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या सिंहगडाचे नाव या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

१६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी कोंढाण्यावर रात्री चढाई केली. गड हाती आला, परंतु तानाजी धारातीर्थी पडले. या नरसिंहाच्या स्मरणार्थ शिवाजी महाराजांनी गडास 'सिंहगड' हे नाव दिले, अशी कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. गडाचे मूळ नाव कोंढाणा, हे निर्विवाद होय. चौदाव्या शतकातील महंमद तुघलकाच्या वेढ्याचे वर्णन करताना इसामीने हेच नाव किंचित भिन्न रूपात दिले आहे. परिसरातील कोंढणपूर या ग्रामनामात ते आजही टिकून आहे. मात्र मोरो त्रिंबक पिंगळे व निळो सोनदेव यांस लिहिलेल्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात महाराजांनी 'सिंहगड' असाच उल्लेख केला आहे. अर्थात हे नाव तानाजींच्या मृत्यूपूर्वी जवळजवळ सात वर्षे प्रचारात होते.

यामुळे तानाजींच्या पराक्रमास काडीमात्र उणेपणा येत नाही. केवळ नावाची उपपत्ती बदलते. राजगड, प्रतापगड, विशाळगड या शिवकालीन नामांच्या मालिकेत 'सिंहगड' हा समास सहज बसतो. ही कथा या नावास कशी चिकटली, याचे उत्तर भाषेत आहे. 'कोंढाणा' या शब्दाचा अर्थ सामान्य भाषकास उमगत नाही. 'सिंहगड' ऐकताच मात्र 'हा सिंह कोण?' असा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नास लोकस्मृतीने तानाजी हे उत्तर दिले. १६९७ च्या सभासद बखरीत महाराजांच्या शोकोद्गारात तानाजींस गडाचीच उपमा आहे, सिंहाची नाही, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. पुढे हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीच्या शीर्षकानेच ही उपपत्ती घरोघरी पोहोचविली.

याउलट, १७०३ मध्ये गड जिंकल्यावर औरंगजेबाने त्यास 'बक्षिंदाबक्ष' हे नाव दिले. त्यामागे बादशाही सत्ता होती. तथापि स्थानिकांच्या मुखी ते रुजले नाही. त्या नावास भाषेत अर्थ नव्हता व स्मृतीत कथा नव्हती.

तात्पर्य, वीरकथा प्रत्येक वेळी नाव निर्माण करतेच असे नाही. पुष्कळदा ती उपलब्ध नावास कारण पुरविते आणि त्या कारणाच्या बळावर ते नाव चिरस्थायी करते. म्हणून स्थलनामावरून घटनेचा काल ठरविणे धोक्याचे आहे. त्या नामाची रूढ उपपत्ती मात्र समाजाने कोणाची स्मृती जतन केली, याची विश्वसनीय साक्ष देते; आणि तीही इतिहासाचाच भाग होय.